तिसऱ्या नंबरचा कप

आमच्या तिघींपैकी कुठल्याही दोघी भेटल्या की पाच मिनिटांत विषय त्या शर्यतीवर येतो. एकीनं एक आठवण काढली की दुसरी म्हणते, "आणि ते सहीचं प्रकरण?" चहा निवतो, तरी बोलणं संपत नाही. ऐकणारे पोट धरून हसतात. सांगताना मीही हसते, पण माझा राग अजून गेलेला नाही.

गोष्ट चौऱ्याहत्तरच्या आसपासची. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमची मुलींची शाळा होती. मी तिथं चित्रकला शिकवायची. पद्मा पी.टी.ची बाई. घरी चार माग, बोलणं तेलुगू, आणि पळायला लागली की थांबायचं नाव नाही. तिसरी गंगव्वा, आमची शिपाई. अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी, चाळिशी ओलांडलेली, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. भावाच्या मळ्यातल्या विहिरीत लहानपणीच पोहायला शिकली होती.

गावातलं एक क्रीडा मंडळ दर हिवाळ्यात तिघांच्या संघांची शर्यत भरवायचं. एकानं हिप्परग्याच्या तलावात पोहायचं, दुसऱ्यानं तिथून सायकलवर शहरात यायचं, तिसऱ्यानं पळत मैदान गाठायचं. रिलेच्या काठीऐवजी रुमाल एकमेकांना द्यायचा. गिरण्यांचे, कॉलेजांचे, बँकांचे संघ उतरायचे. नियमांत कुठंही 'फक्त पुरुष' असं लिहिलेलं नव्हतं. पद्मानं ते तीनदा वाचून खात्री केली आणि आम्ही नाव द्यायला गेलो.

•

मंडळाच्या चिटणीसांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. नाही म्हणायला कारण सापडेना, तेव्हा म्हणाले, तिघींनी घरच्या कर्त्या पुरुषाच्या सहीचं परवानगीपत्र आणा. बँकेच्या संघाकडून असं काही मागितलं होतं का, असं मी विचारलं. त्यांनी पंख्याकडं बघितलं.

पद्मानं वडिलांची सही आणली. मी नवऱ्याची आणली. बत्तीस वर्षांची बाई मी, रोज पन्नास मुलींचा वर्ग सांभाळते, आणि सायकल चालवायला चिठ्ठी! गंगव्वाचा कागद कोराच होता. चिटणीसांनी तो तिच्यापुढं सरकवला आणि नवऱ्याची सही कुठं आहे म्हणून विचारलं.

गंगव्वा शांतपणे म्हणाली, "मालक वर गेलेत, सायेब. तुमी जाऊन घेऊन या की."

•

गंगव्वाचा कागद कोराच दाखल झाला आणि बातमी शाळेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांनी तिघींना ऑफिसात बोलावलं. शाळेनं भाग घ्यायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती गंगव्वाच्या नावाला. शिपाई शाळेचं प्रतिनिधित्व कसं करणार, लोक काय म्हणतील, असं ते बराच वेळ बोलत राहिले. गंगव्वा तिथंच उभी होती, त्यांनीच मागवलेला चहा हातात घेऊन. तिच्या जागी भूगोलाच्या बाईंना घ्या, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

पद्मानं विचारलं, "त्यांना पोहता येतं का?"

अध्यक्ष म्हणाले, "त्या बी.एड. आहेत."

बिचाऱ्या भूगोलाच्या बाईंनीच दुसऱ्या दिवशी पाण्याची भीती वाटते असं लिहून दिलं, म्हणून गंगव्वा राहिली.

•

मी पहाटे तुळजापूर रोडवर सायकलचा सराव करायची. चौथ्या दिवसापासून एक माणूस मागं लागला. मी जोरात चालवली की तोही जोरात, मी हळू केली की तोही हळू. शिट्टीवर गाणी म्हणायचा. घरी सांगावं तर सराव बंद होईल, म्हणून दात आवळून गप्प बसले. तीन आठवडे असेच काढले. त्या रस्त्यावरची बाभळीची झाडं मी बघितलीच नाहीत, सगळं लक्ष मागच्या शिट्टीकडं.

मग शाळेत पालकसभा झाली. सातवीतल्या एका मुलीची आई समोर येऊन बसली, आणि शेजारी हे महाशय, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मला बघून जरा घोटाळले. म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय."

मी त्यांच्या बायकोकडं बघून सांगितलं, "तुळजापूर रोडवर. रोज पहाटे."

दुसऱ्या दिवसापासून रस्ता मोकळा झाला.

•

शर्यतीला आठवडा उरला असताना मंडळाचं पत्र आलं: पोहणाऱ्या स्पर्धकानं पोहण्याचाच पोशाख घातला पाहिजे. दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं: स्त्रियांनी पोहण्याच्या पोशाखात चारचौघांत येणं शोभत नाही. मी दोन्ही पत्रं गंगव्वाला वाचून दाखवली. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावली.

"म्हंजे मी काठावर बसायचं," ती म्हणाली, "आन् माझं नाव तेवढं पवणार व्हय?"

शर्यतीच्या दिवशी तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट मारला आणि सरळ पाण्यात उतरली. तिला अडवायचं तर पाण्यात जावं लागलं असतं. मंडळाच्या लोकांनी धुतलेली धोतरं नेसली होती.

•

बारा संघांत गंगव्वा तिसरी बाहेर आली. ओला रुमाल माझ्या हातात कोंबून नुसतं "पळ" म्हणाली. एरवी ती मला अहो-जाहो करायची.

मी जिवाच्या आकांतानं पायडल मारत शहराच्या नाक्यावर पोचले, तर लाल झेंडा घेतलेला एक स्वयंसेवक आडवा आला. "बाई, बाजूला व्हा. शर्यत येतीय."

मी सांगितलं, मीच शर्यतीत आहे. तो म्हणाला, थट्टा करू नका. हँडल धरूनच ठेवलं. मी पाठीवरचा नंबर दाखवला, तर तो नंबर कुणी दिला म्हणून विचारायला लागला. तेवढ्यात एक बँकवाला आणि एक गिरणीवाला आमच्या बाजूनं निघून गेले. त्यांना त्यानं झेंडा हलवून सलाम केला. शेवटी मी त्याच्या पायावरून चाक घातलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

तिसरीची मी पाचवी झाले होते. पद्मानं रुमाल घेतला आणि मैदानाच्या दारात त्या दोन्ही संघांच्या पळणाऱ्यांना मागं टाकलं. आम्ही तिसऱ्या आलो. सगळ्या मैदानानं बघितलं.

•

बक्षीस समारंभाच्या आधी चिटणीस आमच्याकडं आले. म्हणाले, तुमचा सहभाग प्रदर्शनापुरता धरलाय, स्पर्धेत नाही. तिसरा नंबर बँकेच्या संघाला दिलाय. पद्माच्या डोळ्यांत पाणी आलं. वर ते म्हणाले, आलाच आहात तर स्टेजवर बक्षिसांचं ताट धरायला एक जण या.

"मी येते," गंगव्वा म्हणाली.

लुगडं अजून ओलंच होतं. ती ताट धरून, बक्षिसं द्यायला पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या शेजारी उभी राहिली. पहिला कप गेला, दुसरा गेला. तिसऱ्यासाठी पुण्याच्या पाहुण्यांनी हात पुढं केला, तर गंगव्वानं कपाचा कान धरून ठेवला होता. पाहुण्यांनी हलकेच ओढला. तो सुटेना. चिटणीस दातओठ खात म्हणाले, "सोड."

गंगव्वा कानडीत म्हणाली, "नंदू." म्हणजे, माझं आहे.

पुण्याच्या पाहुण्यांना कानडी कुठलं येणार? त्यांना वाटलं, बाई विजेत्याचं नाव सांगतेय. त्यांनी माईक जवळ ओढला आणि मोठ्यानं म्हणाले, "नंदू कोण आहे? नंदूनं पुढं यावं."

अर्ध्या मैदानाला कानडी येत होतं. बँकेचे तिघे पायरीवर चढले होते, ते तिथंच थांबले.

गंगव्वानं ताट टेबलावर ठेवलं, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि एक पाऊल पुढं आली.

पाहुण्यांनी कप तिच्या हातात दिला, तिचा हात हातात घेऊन हलवला आणि माईकवरूनच म्हणाले, "शाबास, नंदू."