दुपारी बिघडणारा काटा

निमाडातल्या मनावर गावी माझ्या काट्याची बदनामी चालली होती आणि गाडीत माझ्या शेजारी दादा बसला होता. जास्त त्रास कशाचा होत होता, सांगता येणार नाही.

काटा कापूस तोलण्याचा. वजन घेणारी पेटी खाली, आकडे दाखवणारी पाटी भिंतीवर, मधे केबल. पेटीतली चिप आकडे पाठवते, पाटीतली वाचते. हे मी देवासला घरच्या ओट्यावर बसून शिकलो आणि तिथेच बनवतो. मनावरच्या एका कापूसवाल्या शेठने माझा पहिला काटा घेतला होता. टिकला असता तर कुक्षी-गंधवानीपर्यंत गिऱ्हाईक होतं; परत आला तर त्या बाजारात पुन्हा मला कोण उभं करणार? आणि पाटीवर सकाळी वजन नीट, दुपारी मात्र नुसती वेडीवाकडी चिन्हं. मी एकटा जाऊन केबल बदलून आलो, आकडे पाठवायचा वेग निम्मा केला. तरी तेच. तेव्हा बायकोने मला न विचारता दादाला फोन लावला.

दादा देवासच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, जन्मभर असल्याच यंत्रांत. त्याच कारखान्यात मी एकदा माझ्या पाट्यांचं कोटेशन दिलं होतं. खरेदीच्या टेबलाशी दादा स्वतः होता. हा माझा भाऊ, एवढंसुद्धा बोलला नाही. काम इंदूरवाल्याला गेलं. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. गणपतीत आरतीला तेवढे शेजारी उभे राहतो. तो लांबवतो, मी पळवतो, बायका हसतात.

शेठच्या शेडमध्ये पत्रे तापले होते. मी काय काय केलं ते दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, केबलचा दोष असता तर वेग कमी केल्यावर थोडा तरी फरक पडला असता. मग त्याने पेटीवर तळहात ठेवला, माठातल्या पाण्यात पंचा भिजवला, पिळला आणि पेटीवर घातला.

शेठ म्हणाला, "क्यों भिया, मशीन को बुखार है?"

थोड्या वेळाने चिन्हं गेली, वजन दिसू लागलं.

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही चिपांनी एकाच तालात मोजलं, तरच एकीचं दुसरीला कळतं. ताल पक्का ठेवायला बाहेरून क्रिस्टल लावतात. चिपचं आतलं घड्याळ ओट्यावर छान चालत होतं, म्हणून मी क्रिस्टलचा खर्च वाचवला होता. ते घड्याळ उन्हात ताल सोडतं. माळव्याच्या गार संध्याकाळी तपासून निमाडाच्या उन्हात माल पाठवायचा, ही चूक आमच्याकडचाच माणूस करणार.

शेठला या तालाशी देणंघेणं नव्हतं. रोज ओला पंचा कोण घालणार, मशीन आजच उचला, असं त्याने सुनावलं. माझा पारा चढला. मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "मेरे छोटे भाई की मशीन है. कल दोपहर तक रुको. नहीं चली तो मैं खुद उठाकर ले जाऊंगा."

शेठ थांबला. दादाच्या पांढऱ्या केसांकडे बघून असेल.

क्रिस्टल धारला एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळाला. मी भाव करायला लागलो तसा दादाने माझा दंड धरला. परत गाडीत बसल्यावर मला राहवलं नाही.

"छोट्या भावाचं हेच वाक्य तेव्हा कारखान्यात बोलला असतास तर?"

"तेव्हा मी त्यांचा पगार घेत होतो," दादा म्हणाला. "आता कुणाचा घेत नाही."

मी गिअर उगाच जोरात टाकला. उत्तर पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या रात्री धारच्या लॉजवर, पेटीतून काढून आणलेल्या सर्किटवर मी क्रिस्टलला सोल्डरचे टाके मारत असताना दिवा तोच धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी पत्रे तसेच तापले. गाठोडी चढत होती, उतरत होती, पाटीवर वजन ठाम. दादाने पेटीवर हात ठेवला.

"तापलीय," तो म्हणाला, "पण बडबडत नाही. तुझ्यापेक्षा बरी."

शेठने दुसऱ्या काट्याचा भाव विचारला. मी चांगला चढवून सांगितला. खरा भाव काल येताना गाडीत दादाला सांगून बसलो होतो. तो माठाशी उभा राहून पाणी पीत होता, आणि या वेळीही काही बोलला नाही.