कोष्टिणीचा मासा

माझ्या सासूबाई गळ टाकून मासे धरत, हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं. सत्तरच्या दशकात मी वर्ध्याहून नागपूरला आले, महाल भागाला लागून असलेल्या कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीत. घरात दोन हातमाग. सासरे आणि माझे यजमान मागावर बसत, सासूबाई चाकावर सूत गुंडाळून कांड्या भरत. आठवडाभर हेच. रविवारी मात्र सकाळी त्या पदर कमरेला खोचत, बांबूची काठी उचलत आणि कन्हान नदीवर निघत. सासरे डबा घेऊन मागे.

उमरेडला माहेरी भावांच्या मागे नदीवर जाऊन त्या हे शिकल्या होत्या. वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. "बाईमाणसानं गळ टाकावा काय वं?" शेजारणीनं एकदा मलाच विचारलं.

एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "चाल वं, तूही चाल. घरी बसून काय करून राहिली?"

पावसाळा नुकताच सरला होता. त्या वर्षी पूर मोठा आला होता. पाणी ओसरलं तरी नदी अजून गढूळच होती. पुलाच्या खालच्या अंगाला एक डोह होता, ती सासूबाईंची जागा. काठावर धीवर मंडळी जाळी वाळवत बसलेली असत, त्यांना या बाईची सवय झाली होती.

सासूबाईंनी आधी एक बारकी मासोळी धरली आणि तीच जिवंत गळाला लावून डोहात सोडली. दोरी नायलॉनची, पण गुंडाळलेली घरच्याच सुताच्या लाकडी रिळावर. मग आम्ही बसलो. सासऱ्यांनी डबा उघडला. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडते न मोडते तोच रीळ सासूबाईंच्या हातात गरगर फिरायला लागलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. दोरी सरळ धारेच्या मध्यावर गेली आणि तिथं पाणी फोडून एक लांबलचक पांढरा मासा हवेत उसळला. काठावरचे धीवर हातातली जाळी टाकून उठले.

"मले दे वं, तुह्यानं नाही होत!" सासरे धावले.

"हात नका लावू जी! सूत कुठं तुटते ते मले ठाऊक हाय."

मासा ओढू लागला की त्या रीळ सैल सोडत, तो दमला की गुंडाळत. गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरल्या, लुगडं भिजलं, दोरीनं तळहात कापले. मी काठावरून ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. शेवटी मासा उथळ पाण्यात कुशीवर झाला, तेव्हा त्यांनीच एका म्हाताऱ्या धीवराला हाक मारली, "आता आणा तुमचं जाळं!"

वाळूवर काढल्यावर सगळे भोवती जमले. मासा माझ्या हातापेक्षा लांब. अंगाला खवलं नाहीत, मिशा अगदी आखूड, तोंडात बारीक धारदार दात. म्हातारा वाकून बघत राहिला. "जलम गेला या नदीवर," तो म्हणाला, "पण हा मासा नाही पाहिला, बाई."

कोणी म्हणालं, विषारी असेल, सोडून द्या. सासरेही कचरले. सासूबाई हाताचं रक्त धूत म्हणाल्या, "खायचा का नाही, ते ओळखणाऱ्याले विचारू. आधी घरी तर नेऊ."

ओल्या पोत्यात गुंडाळून आम्ही तो बसनं आणला. वस्तीत पोचेपर्यंत मागे पोरांची रांग लागली. मागच्या गल्लीत गोदावरीकाठच्या सिरोंच्याकडचे एक कंपाउंडर राहत. त्यांना बोलावलं. पोतं उघडताच ते खालीच बसले.

"अरे, हा तर आमच्या गोदावरीतला! कुठं मिळाला?"

"कन्हानले," सासूबाई म्हणाल्या.

"इतका वर, उत्तरेला? पुरात चढला असेल. गोदावरीतून प्राणहिता, पुढे वैनगंगा, मग तुमची कन्हान." त्यांनी माशाचं तेलुगू नाव सांगितलं. ते कोणाच्याच जिभेवर बसलं नाही.

"खातात का?" सासऱ्यांनी विचारलं.

"खातात? आमच्याकडे जावयाला वाढतात!"

संध्याकाळी सावजी मसाल्याचा रस्सा झाला, वस्तीत घरोघरी वाटी गेली. सासूबाई तळहातांना हळद लावून दारात ताठ बसल्या होत्या. आल्यागेल्यासमोर सासरे हात पसरून माशाची लांबी दाखवत होते, दर वेळी थोडी जास्त. गळावरून हसलेली ती शेजारीण वाटी परत द्यायला आली आणि घुटमळली.

"येत्या रविवारी मीबी येऊ काय, काकी?"

"काठी आणजो," सासूबाई म्हणाल्या.

पुढे कित्येक रविवार आम्ही बायका बायका नदीवर गेलो. मीही शिकले, मरळ धरण्यापर्यंत माझी मजल गेली. तसा मासा आम्हाला पुन्हा मिळाला नाही. पण मोठ्या पुराच्या वर्षी धीवरांच्या जाळ्यात एखादा येई.

अशाच एका वर्षी मी एकटीच मासळी घ्यायला कन्हानला गेले होते. एक तरुण धीवर दुसऱ्याला सांगत होता, "काल कोष्टिणीचा मासा लागला होता गा, चांगला मोठा." कोणता मासा, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पांढरा, दातांचा. पुरात खालून येते तो. आमच्यात त्याले तेच नाव हाय."

मी बसमधून उतरून धावतच घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या कांडी भरत होत्या. हातातलं चाक थांबलं.

"असं म्हणे काय तो?"

"असंच म्हणाला, आई."

त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मागाकडे बोट केलं. सासरे विणत होते, धोट्याची खटखट चालली होती.

"त्यायले सांग," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं सांग वं, माग चालू हाय."