आईच्या टाचेवरचा काळा डाग

आईच्या टाचांना भेगा पडल्या की आमच्या घरी कोकणातला उपाय ठरलेला, बिब्बा. तो दिव्यावर तापवायचा आणि त्याचं काळं तेल भेगेत भरायचं. हे काम माझं. त्वचेवर काळा डाग पडतो, पण महिन्याभरात जातो.

या वेळी भेगाही भरेनात आणि डागही जाईना. शेवटी तिला दिंडोशीहून बोरिवलीला, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी टाचेवर दिवा असलेलं भिंग टेकवून फोटो काढला. फोटो कॉम्प्युटरवर गेला आणि त्यातल्या प्रोग्रामने डागाभोवती लाल रेघ मारून शेरा दिला, संशयास्पद.

"मावशी, हा डाग कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

आईने तोंड उघडायच्या आत मी सुरू. "अहो, बिब्ब्याचा आहे तो! तुमच्या मशीनला बिब्बा काय माहीत?"

"नसेलही माहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते फक्त नीट बघा म्हणतंय. मी बघितलं, मलाही तो डाग बरा वाटत नाही. छोटा तुकडा काढून तपासायला देऊ."

माझं डोकंच फिरलं. मशीन म्हणालं म्हणून आईच्या पायाचा तुकडा काढायचा? घरी येईपर्यंत रिक्षात मी एकटीच बडबडत होते. आजकाल यांना सगळीकडे कॅन्सरच दिसतो, वगैरे. आई बाहेर बघत होती. पण शंका डोक्यातून जाईना, म्हणून दोन दिवसांनी तुकडा दिला.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला. खोल गेला नव्हता, एवढंच नशीब. टाचेचा तेवढा भाग काढायचं ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी ती कॉटवर पाय पसरून बसली होती आणि मला रडू आवरेना. "माझंच चुकलं गं. बिब्ब्याचा, बिब्ब्याचा करत बसले."

"रडतंस कित्याक?" आई म्हणाली. "तो डाग बिब्बो लावच्या आधीपासून होतो."

माझं रडू थांबलं. "अगं, मग त्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

"तू माका बोलाक दिलंस खंय?"

रागाने नाही, रोजच्याच आवाजात म्हणाली.