होळीतून लाकडं पळवणारा मामा

माझ्या मामाइतका सदा पेटलेला माणूस अख्ख्या साक्री तालुक्यात दुसरा नव्हता, आणि त्याचं हाडवैर होतं ते आगीशी.

मामा वनरक्षक. जंगलाचा तुकडा तोडायला निघाला की कुठलं झाड पाडायचं त्याच्या बुडाशी हातोड्यानं शिक्का मारायचा, हे त्याचं काम. निवृत्तीच्या तोंडावर एका प्रशिक्षणात कुणा साहेबानं सांगितलं, की झाड हवेतला धूर खातं आणि त्याचं लाकूड करतं. लाकूड जाळलं की धूर पुन्हा मोकळा. झालं, ते त्याच्या डोक्यात बसलं ते उठलंच नाही. मोडकी बाज, किडका नांगर, तीनच पाय उरलेलं स्टूल, पडक्या घरांच्या चौकटी, सगळं त्यानं ओट्यावर रचलं. पाहुण्याला टेकायला जागा नाही. मामीनं चुलीला एक ढलपी मागितली तरी खेकसायचा, "हाऊ बठ्ठा कोंडेल धूर शे. गोवऱ्या लाव." होळीसाठी गाव दुसऱ्यांच्या दारची लाकडं चोरायचं; हा साठीचा गडी भरदुपारी रचलेल्या होळीतून ओंडके पळवी. सरपंचांनी एकदा रंगेहाथ पकडलं, तर त्यांनाच झापून आला.

मी जळगावचा शिकलेला भाचा. म्हटलं, "मामा, तोडलेल्या सागाच्या चौकटीच होतात ना? त्या तर शंभर वर्षं टिकतात." त्यानं मला दंडाला धरून टेकडीमागं, तोड झालेल्या जागी नेलं. सरळ खोडांचे सोट ट्रकनं गेले होते. मागं राहिलेल्या फांद्या, साल, पाला ढीग घालून पेटवलेला. मुळं सडायला टाकलेली, माती उघडी पडून तापलेली. "चौकटीत गेला तो धूर एवढासा," त्यानं वीतभर अंतर दाखवलं, "बाकीचा गेला वर. नवी रोपं तेवढी मोठी होईपर्यंत तुझी नातवंडं म्हातारी होतील." मग एका बुडख्यापाशी बसला. झाड जातं, बुडाचा शिक्का राहतो. त्यावर बोट ठेवून हळूच म्हणाला, "हाऊ मीच मारेल शे."

शिक्का मारणारा असा हळहळतो आणि तोडीचा हुकूम काढणारे सागाच्या टेबलावर चहा पितात, याचा मला आजही संताप येतो. त्यांच्यातला एकजण त्या टेकडीमागं नुसता उभा तरी राहिला का कधी?

मामा गेला तेव्हा सरणासाठी लोक साहजिकच त्याच्या ओट्यावर आले. इतकी वर्षं त्या ढिगाला शिव्या घातलेली मामी दारात आडवी उभी राहिली. "हात नका लावा," म्हणाली. "गोवऱ्या आना."

गोवऱ्यांवरच जाळलं त्याला. ढीग अजून तसाच आहे. मी गेलो की मामी त्यातलं तीन पायांचं स्टूल काढून देते आणि मी चहा संपेपर्यंत भिंतीला टेकून तोल सांभाळत बसतो.