ऐकत नाय म्हणजे काय

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी, भाताची झोडणी आटोपल्यावर, पोशीरच्या एका मुलीला डाग द्यायचं तिच्या घरात ठरलं होतं. तो दिला गेला नाही.

मी तेव्हा एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो आणि हिवतापाच्या बातमीसाठी कर्जतच्या दवाखान्यात बसलो होतो. मुलीची आई तिला कडेवर घेऊन आत आली. म्हणाली, "पोर ऐकत नाय, बाई."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली. "ऐकत नाही म्हणजे नक्की काय? ऐकू येत नाही, की सांगितलेलं करत नाही?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. शिपायाच्या बायकोने नवऱ्याबद्दल तक्रार केली, तेव्हाही विचारला होता. "दोनी," असं ती म्हणाली होती.

इथे मात्र आई रडू लागली. मुलगी चौथ्या वर्षीही बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती. सुनेने पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही, हे सासूने ठरवलेलं कारण. उपाय उद्या होता. तापवलेला विळा.

"उद्या? मग आजच जाऊ!" बाई उठल्याच. मला म्हणाल्या, "तुम्हीही चला. बघणारे जास्त असलेले बरे."

बैलगाडीत त्या सारख्या बोलत होत्या. अशा न बोलणाऱ्या, हाकेला न वळणाऱ्या मुलांबद्दल परदेशात नुकतंच कुठे लिहिलं जाऊ लागलं होतं. ती मासिकं बाईंना लढाईमुळे फार उशिरा मिळत. त्यांतही कुठे कुठे आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलेलं असे. "तिकडे ग्रहण नाही, तर थंडपणा!" त्या ओरडल्या. गाडीवान दचकून मागे वळला. "मेंदूकडे कोणी बघायचं?"

अंगणात भात वाळत होतं. मुलगी पाठमोरी बसून एकेक दाणा ओळीत लावत होती. सासू म्हणाली, "बगा आता," आणि तिच्या मागे काशाची थाळी वाजवली. मुलगी वळली नाही.

"बहिरी हाय. नायतर लागिर."

"पायाची बोटं बघा!" बाई म्हणाल्या. तुम्ही तिथे असतात, तर आमच्यासारखेच थाळीकडे बघत राहिला असतात. मुलीच्या पायाची बोटं आत वळून घट्ट आवळली होती.

बाईंनी सगळ्यांना गप्प केलं. मग चिमूटभर भात घेऊन मुलीच्या मागे सुपात सोडलं. मला तो आवाज आलाही नाही. मुलगी वळली आणि सुपाकडे बघू लागली.

"वळली! बघितलंत? वळली!" बाईंनी माझा दंड धरून हलवला. "आजी, कान उत्तम आहेत. आपला मेंदू सुपासारखा पाखडतो. नको तो आवाज फोलासारखा उडवून लावतो. हिच्या सुपात सगळंच राहत असणार! फोल, माती, दाणा. त्यात हाक शोधायची कशी तिने?"

"मंग सूप बिगडलं कोणी?"

"कोणी नाही. मेंदू उघडून कोणी पाहिलेला नाही, पण ही ठेवण जन्माआधीची असावी. घरात आणखी कोणी होतं का असं? आवाज न सोसणारं?"

सासूने थाळी काखेत घेतली. मग म्हणाली, "ह्यांचं तसंच होतं. लगनात वाजंत्री सुरू झाली नि नवरदेव मांडवातनं पळाला. शेताच्या बांधावर घावला. जलमभर चार शब्द बोलला नाय माज्यासंगं, पण वंगाळ नव्हता माणूस."

"मग रक्तातून आलं असेल!" बाई जवळजवळ नाचल्या. "आजोबांकडून!"

सून पहिल्यांदा हसली, पदर तोंडाला लावून.

"हसतीस काय गं? म्हंजी खोट आमच्या घरातली?"

"खोट नाही, आजी. ठेवण."

सासूने थाळी आत नेऊन ठेवली. विळा तापवण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, असं सुनेने मला नंतर सांगितलं.

पुढच्या पावसाळ्याआधी डॉक्टरीणबाईंची बदली झाली. कुठे, याबद्दल दोन बातम्या मिळाल्या. दोन्ही चुकीच्या निघाल्या. त्यांचं पत्र कोणाला आलं नाही.

त्यानंतरच्या होळीला मी पोशीरला होतो. देवळापाशी ढोल वाजत होते. गावाबाहेर, ढोल ऐकू येणार नाहीत इतक्या लांब, शेताच्या बांधावर सासू नातीला घेऊन बसली होती.