निळी कडक उशी

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात नव्या आयांना अंगावर पाजायला शिकवणाऱ्या बाई आहेत. मागून सगळे त्यांना हाकलबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची माझी छाती नाही, मी त्यांच्या हाताखालची नर्स.

त्यांचं म्हणणं असं, की सुरुवातीला दूध थोडंच येतं आणि बाळाला तेवढं पुरतंही. पण खाटेभोवती सासू, आई, आत्या, मावशी उभ्या राहून ‘पोट भरतंय का गं त्याचं?’ म्हणत राहिल्या, की पोरगी घाबरते आणि येणारं दूधही अडतं. म्हणून आधी गर्दी हलवायची, मग बाळ उचलायचं.

“आजी, टेकू द्यायला ती निळी कडक उशी लागेल. भांडारातून तेवढी आणता?”

अशी उशी आमच्या रुग्णालयात कधीच नव्हती. भांडारवाला सामील असतो. तो वरच्या मजल्यावर पाठवतो, वरचे धुलाईघराकडे बोट दाखवतात. आजी निम्मी इमारत पालथी घालून परत येते, तोवर नातू पोटभर पिऊन झोपलेला असतो. एखादी आत्या फारच आगाऊ निघाली, तर तिलाच दाराशी राखणीला बसवायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ती मग डॉक्टरांनाही आत सोडत नाही.

मध्यंतरी बाईंचीच लेक आमच्याकडे बाळंत झाली आणि त्यांचं सगळं शहाणपण कुठे चरायला गेलं, देव जाणे. खाटेला खेटून उभ्या. “मान वर घे त्याची. अगं, आधी तोंड मोठं उघडू दे. खांदा सैल सोड. खांदा म्हणतेय मी.” बाळाने भोकाड पसरलेलं, लेकीच्या डोळ्यांना धार. शेवटी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“आई, नाही जमत मला. डब्याचं दूध आण.”

बाईंचा चेहरा पडला. तरी तोंडातून निघालं काय, तर “मान वर घे.”

मला दोघींची दया आली, आणि खरं सांगते, हसूही आलं.

“बाई,” मी म्हटलं, “ती निळी कडक उशी तेवढी आणता?”

“आणते,” म्हणून त्या निघाल्यासुद्धा. दारात थबकल्या. वळून माझ्याकडे असं पाहिलं, की माझी नोकरी गेलीच असं मला वाटलं. मग त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

मी लेकीला मागे रेलून बसवलं, बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. बाळ रडून दमलं. मग नाक घासत हळूहळू सरकलं, आ वासला आणि बरोबर धरलं. गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागला.

“आईला बोलाव,” लेक म्हणाली. लगेच म्हणाली, “नको. जरा वेळाने.”

बाहेर डॉक्टर आले असावेत.

“नंतर या,” बाईंचा आवाज आला. “आत जायला मलाही बंदी आहे.”

मी दार किलकिलं केलं. “बाई, मिळाली का उशी?”

त्यांनी आतला आवाज कान देऊन ऐकला आणि डोळे पुसले.

“नाही,” म्हणाल्या. “अजून थोडा वेळ शोधते.”