वाकड्या फलाटावरचा निरोप

माझ्या माहेरच्या स्टेशनचा फलाट कोयत्यासारखा वाकडा आहे. सरळ फलाटावर गाडी सुटली की माणसं एकमेकांना एकदमच दिसेनाशी होतात. निरोपाची अब्रू राहते. इथं गाडी वळणाला लागली की खिडकीतून अख्खा फलाट पुन्हा समोर येतो. खाली उभ्या माणसाला मात्र सगळ्या खिडक्या सारख्याच दिसतात. त्याला वाटतं, गेली.

परवा दादा-वहिनी मला पोचवायला आले होते. "आणखी चार दिवस राहिली असतीस," म्हणताना दादाचे डोळे भरले होते. गाडी वळली. मी सवयीनं मागं पाहिलं, तर दादा गाडीकडे तोंड करून कोपरापासून हात जोडत होता आणि वहिनी पोट धरून हसत होती.

डोळ्यांतलं पाणी खोटं होतं, असंही नाही. फलाट सरळ असता तर तेवढ्यावर भागलं असतं. पण दादा इथं नेहमी पोचवायलाच येतो. स्वतः जातो तेव्हा मोटारीनं. त्याला हे वळण ठाऊकच नाही.

घरी पोचल्यावर त्याचा फोन आला. "तुझी खिडकी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होतो बघ."

"हो दादा," मी म्हटलं, "दिसत होतास तू मला."